आधी काय करावे: गच्चीवरचे सौर पॅनेल की आवारातले खत?

ज्या सोसायटीकडे एकाच कामापुरता निधी आहे आणि कार्बन उत्सर्जन कमी करण्याची इच्छा मनापासूनची आहे, तिच्यासमोर नवी मुंबईत बहुधा दोन पर्याय येतात. सामायिक मीटरसाठी गच्चीवर सौर पॅनेल बसवणे हा एक, आणि ओल्या कचऱ्याचे खत आवारातच करणे हा दुसरा. नेरूळमधील आमच्या जुन्या सोसायटीत हा निर्णय झाला तेव्हा मी कार्यकारिणीत होतो. पुढील मते त्या एका अनुभवावर आधारलेली आहेत, आणि वेगळ्या इमारतीत वेगळा निर्णय योग्य ठरू शकतो हे मला मान्य आहे.

आकड्यांची भाषा सौरऊर्जेच्या बाजूची आहे, हे आधीच सांगतो. दहा किलोवॅटचा संच वर्षाला साधारण 13,000 ते 14,000 युनिट वीज देतो. ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला नऊ-दहा टन उत्सर्जन टळते, आणि लिफ्ट, पंप व जिन्यातील दिव्यांच्या बिलातील फरक सर्वसाधारण सभेत कागदावर दाखवता येतो. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट 18,000 रुपये अनुदान ठेवले आहे. एकदा संच बसला की पॅनेल धुण्यापलीकडे रहिवाशांना फारसे काही करावे लागत नाही. पुष्कळांना हाच त्याचा मोठा गुण वाटतो, आणि तो खरोखरच गुण आहे.

आमचा निर्णय मात्र गच्चीने केला. नवी मुंबईतील जुन्या इमारतींत वरच्या मजल्यावर गळती होणे ही नेहमीची बाब आहे, आणि आम्ही नुकतेच मोठ्या खर्चाने वॉटरप्रूफिंग करून घेतले होते. पॅनेलच्या सांगाड्यासाठी स्लॅबला छिद्रे पाडली तर हमी संपेल, असे त्या कंत्राटदाराने स्पष्ट सांगितले. छिद्रे न पाडता काँक्रीटचे ठोकळे ठेवून सांगाडा उभा करता येतो, परंतु इतक्या वर्षांच्या स्लॅबवर तो भार टाकण्यापूर्वी संरचनात्मक तपासणी हवी, आणि तिचा खर्च कोणत्याच दरपत्रकात नव्हता. टाक्या, त्यांच्या सावल्या आणि वाळवणाची जागा वगळल्यावर दहा किलोवॅटला लागणारी सुमारे हजार चौरस फूट मोकळी गच्ची उरतच नव्हती. शेवटी पुनर्विकासाचा विषय निघाला. पंचवीस वर्षे चालणारे पॅनेल ज्या इमारतीवर बसवायचे, ती पुढील दहा वर्षे तरी उभी राहील का, याचे उत्तर सभेत कोणालाही देता आले नाही. वाशी-नेरूळ भागातील ज्या सोसायट्यांत पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, त्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

खताच्या बाजूने असा नेमका आकडा मांडता येत नाही. मिश्र कचरा क्षेपणभूमीत दाबला गेला की हवेअभावी त्यातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरतो. ओला कचरा आवारातच हवेशीर कुजला तर हा वायू फारसा तयार होत नाही आणि गाडीची वाहतूकही वाचते. 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी शक्य तितका ओला कचरा आवारातच जिरवावा, असे 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनीही सांगितले होते.

वास येईल, ही सर्वांत मोठी भीती होती. आमच्याकडे जाळीच्या टाक्यांत ओल्या कचऱ्यावर दर वेळी सुका पालापाचोळा पडतो, आणि तो पुरेसा असेल तर शेजारी उभे राहूनही वास जाणवत नाही. पावसाळ्यात मात्र कोरडा पाला मिळत नाही, ओल वाढते आणि चिलटे होतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पोती भरून ठेवावी लागतात. पूर्वी हाच पाला कोपऱ्यात जाळला जात असे, तो धूर थांबला हा लाभ कोणत्याही हिशेबात येत नाही, पण मला तो फार मोलाचा वाटतो. विजेवर चालणारे खतयंत्र आम्ही टाळले, कारण उत्सर्जन कमी करण्यासाठी रोज वीज जाळणे आम्हाला पटले नाही. जागा अगदी कमी असेल तर त्याचा विचार करावा.

माझे मत खताकडे झुकते त्याचे आणखी एक कारण आहे. सौर संचाचा व्यवहार सोसायटी, पुरवठादार आणि महावितरण यांच्यात पूर्ण होतो. महापालिकेचा त्यात जवळपास संबंध येत नाही. कचऱ्यात मात्र सोसायटी आणि महापालिका या दोघांनाही एकमेकांवाचून पुढे जाता येत नाही. स्वच्छ सर्वेक्षणात नवी मुंबई 2020, 2022 आणि 2023 मध्ये देशात तिसरी आली; तरीही तुर्भे येथील कचरा प्रकल्पात काय कुजेल आणि काय पुरले जाईल, हे अखेर स्वयंपाकघरातील दोन डब्यांवर अवलंबून असते. आमच्या घराघरांत वर्गीकरण टिकले, कारण ते न केल्यास दुसऱ्याच दिवशी टाकीजवळ दिसते. वीजबिलाबाबत इतकी सामूहिक दक्षता मी कधी पाहिली नाही.

आपली इमारत नवी असेल, गच्ची मोकळी असेल आणि शेजारी उंच मनोरा उभा राहण्याची शक्यता नसेल, उदाहरणार्थ घणसोली किंवा ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील नव्या संकुलांत, तर सौर संच आधी बसवणे कदाचित अधिक शहाणपणाचे ठरेल. इतरांनी खतापासून सुरुवात करावी आणि टाक्या आणण्यापूर्वी विभाग कार्यालयातील स्वच्छता निरीक्षकांना भेटून दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: घंटागाडी सुका कचरा वेगळा उचलेल ना, आणि सणासुदीला टाक्या भरल्या तर जास्तीचा ओला कचरा वेगळा नेला जाईल ना.