लग्नपत्रिकांच्या छापखान्यात छापलेली कादंबरी

माझी पहिली कादंबरी परभणीच्या ज्या छापखान्यात छापली, तो मुळात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि उरुसाच्या भित्तिपत्रकांवर चालतो. पुस्तकंही छापतात, पण वर्षाकाठी थोडीच. तरीही स्वतःच्या पैशानं पहिलं पुस्तक काढणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसानं अशाच जागी जावं, असं माझं ठाम मत आहे. मला तिथं छपाई तर मिळालीच, शिवाय पैसा कसा उभा करायचा आणि पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं, हेही तिथंच सुचवलं गेलं.

मी मानवतला कापसाच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर हिशेबाचं काम करते. कादंबरी जिनिंगवर सरकी झाडणाऱ्या बाईची आहे. आधी लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या एका पॅकेजवाल्या कंपनीचं दरपत्रक मागवलं होतं. 48,000 रुपयांत 20 प्रती लेखकाला, बाकी मागणीनुसार छपाई, ‘सोशल मीडिया प्रसिद्धी’ म्हणून काही पोस्टर आणि आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचे, वेगळे पैसे. आयएसबीएन आपल्या देशात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था तो देते, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि लेखक स्वतः प्रकाशक म्हणूनही करू शकतो. जी गोष्ट सरकार फुकट देतं तिचे पैसे दरपत्रकात दिसले, तेव्हाच मी तो विषय बंद केला.

छापखान्याच्या मालकांना सगळे काका म्हणतात. त्यांनी आधी हस्तलिखित चाळलं, मग थेट विचारलं, “ताई, तुमच्या ओळखीची किती माणसं हे पुस्तक पैसे देऊन घेतील? फुकट मागणारे सोडून सांगा.” मी अंदाजानं दीडशे म्हणाले. त्यांनी कागदावर हिशेब मांडला. 224 पानं, कादंबऱ्यांचा नेहमीचा डेमी आकार, म्हणजे सोळा पानांचे 14 फॉर्म (सोळा पानं एकत्र छापून घडी घातली की एक फॉर्म). 500 प्रती ऑफसेटवर, म्हणजे प्लेटा बनवून, छापल्या तर छपाई-बांधणी प्रतीमागे 92 रुपये. अक्षरजुळणी पानामागे 25 रुपये. शिलाईची बांधणी हवी असेल तर प्रतीला 7 रुपये जास्त. सगळं मिळून 55,000 च्या आसपास. शंभरच प्रती हव्या असत्या तर बिनप्लेटच्या डिजिटलवर घ्या म्हणाले असते, कारण ऑफसेटला प्लेटांचा खर्च शंभरालाही तेवढाच आणि पाचशेलाही तेवढाच. हे त्यांनी मशीनजवळ उभं करून, वापरलेली प्लेट हातात देऊन समजावलं.

पैशाचे तीन टप्पे ठरले: कागदाचे आधी, दुसरा हप्ता छपाईला लागताना आणि उरलेले प्रकाशनानंतर. व्याज नाही, कसला कागदी करार नाही. पहिल्या टप्प्यासाठी मी बचत गटातून उचल घेतली. बाकी पूर्वनोंदणीतून उभं करायचं ठरलं, आणि या छापखान्याची खरी कमाल तिथंच आहे.

पावतीपुस्तक छापणं हा त्यांचा रोजचा धंदा. त्यांनी कादंबरीसाठी दोन प्रतींची, क्रमांक टाकलेली पावतीपुस्तकं करून दिली. वर मुखपृष्ठाचं छोटं चित्र, छापील किंमत 300, पूर्वनोंदणी 200 आणि खाली ठळक ओळ: ‘पुस्तक न निघाल्यास पैसे परत.’ ही ओळ काकांनी आग्रहानं घालायला लावली. आमच्याकडं पतसंस्था बुडाल्या तेव्हा पोळलेली घरं खूप आहेत. पावती नसेल तर माणूस शंभर रुपयेही सोडत नाही. पावती हातात पडली की तोच माणूस शेजाऱ्यालाही घ्यायला लावतो. मी नोंदणी कापसाच्या हंगामात केली, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत. काट्यावर गाडी उतरली, शेतकऱ्याच्या हातात पैशाची पट्टी आली की मी पावतीपुस्तक पुढं करायची. जून-जुलैत हीच माणसं बियाणं-खतासाठी उसनवारी करत असतात. तेव्हा कादंबरीसाठी हात पसरणं मला पटलं नसतं.

अक्षरजुळणी झाल्यावर मजकूर 219 पानांत बसला. चौदाव्या फॉर्मची पाच पानं कोरी राहणार होती. अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनी सुचवलं, पूर्वनोंदणी केलेल्यांची नावं तिथं छापा. आम्ही गाववार यादी लावली: मानवत, पाथरी, सेलू, गंगाखेड, जिंतूर आणि मग बारकी गावं. ती पानं मी मजकुरापेक्षा जास्त वेळा तपासली. वडिलांच्या नावात एक काना चुकला तर माणूस ते पुस्तक आयुष्यभर दुखऱ्या मनानं उघडेल. ही यादी येणार म्हटल्यावर शेवटच्या काही दिवसांत नोंदणी अशी वाढली की आकडा 220 वर गेला. म्हणजे 44,000 रुपये पुस्तक निघायच्या आधीच जमले. जिनिंगवरच्या ज्या बायांना वाचता येत नाही, त्यांनीही पावती फाडली. त्यातल्या एकीनं नातवाकडून आपलं नाव वाचून घेतलं आणि गावी लेकीला द्यायला आणखी एक प्रत नेली. कुठल्याही पोस्टरनं माझी इतकी विक्री केली नसती.

कागदाबाबत काकांचा सल्ला मला फार मोलाचा वाटला. मला 80 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) जाड कागद हवा होता. त्यांनी 70 चा, किंचित पिवळसर छटेचा नॅचरल शेड सुचवला आणि कारण दिलं टपालाचं. 1 मे 2025 पासून डाक विभागानं पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केलंय. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोपर्यंत 100 रुपये, कर वेगळा. 224 पानांचं डेमी पुस्तक 70 जीएसएमवर मुखपृष्ठासकट साधारण 255 ग्रॅम भरतं, वेष्टनासकट 300 च्या आत राहतं. 80 वर तेच 290 च्या घरात जातं आणि पाकीट घातलं की पुढच्या दरात सरकतं. त्यांनी दोन्ही कागदांचे नमुने काट्यावर ठेवून दाखवले. काट्यावर माझं आयुष्य गेलंय, मला याहून पटेल असं काही असूच शकत नव्हतं. ज्ञान पोस्ट रस्त्यानं-रेल्वेनं जातं, त्यामुळे घाईचं पुस्तक त्यानं पाठवू नये. पण पाकिटाचा माग काढता येतो, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला घरपोच प्रत द्यायला मला दुसरं काही परवडत नाही. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं आणि आत जाहिरातीचे कागद कोंबायचे नाहीत, एवढं पाळावं लागतं.

शिलाईच्या बांधणीचे सात रुपये मी आनंदानं दिले. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पुस्तक वाचनालयात दहा हात फिरलं की पानं मोकळी होतात, आणि आमचा उन्हाळा त्या डिंकाला अजिबात मानवत नाही. बांधणी करणारे मामा फॉर्म घडी करून, पाठीवरच्या खुणा एका तिरक्या रेषेत येतात का ते बघत गठ्ठा रचतात. खूण सरकली की फॉर्म चुकला. मी बराच वेळ ते बघत बसले होते.

अर्थात, तक्रारीही आहेत.

पहिली आणि मोठी, उशिराची. कापसाच्या पैशावर नोंदणी झाली म्हणजे छपाई उन्हाळ्यात आली, आणि उन्हाळ्यात लग्नसराई. तिथी जवळ आलेली पत्रिका कादंबरीच्या आधी मशीनवर चढणारच, हे मला समजतं. पण कबूल केलेली तारीख पुन्हा पुन्हा पुढं गेली आणि दर वेळी मलाच फोन करून विचारावं लागलं. ज्यांच्या हातात माझी पावती होती ती माणसं मला रस्त्यात अडवून विचारत होती. छापखान्यानं आपणहून एक फोन करायला हवा होता.

दुसरी, काही प्रतींत सातवा फॉर्म दोनदा आला आणि आठवा गायब. मामांची नजर पक्की, पण ते सुट्टीवर असताना रचलेल्या गठ्ठ्यात हे झालं. सेलूच्या एका वाचक शिक्षकांनी कळवलं तेव्हा मला समजलं. छापखान्यानं वाद न घालता प्रती बदलून दिल्या, टपालखर्चही दिला.

तिसरी बारीक: मजकूर युनिकोडमधून त्यांच्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये घेताना ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र जागोजाग बिघडला. मुद्रितं वाचताना तेवढं एक डोक्यात ठेवून स्वतंत्र वाचन करावं. अक्षरजुळणीच्या ताई मात्र हाडाच्या वाचक आहेत. एका पानावर त्यांनी पेन्सिलनं खूण केली होती, “ताई, इथं वाक्य लंगडं लागायलंय, परत बघा.” बघितलं, खरंच लंगडं होतं.

प्रसिद्धीचं काम छापखाना करत नाही आणि तसा दावाही करत नाही. तरी त्यांच्याकडून दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे जिल्ह्यातल्या सार्वजनिक वाचनालयांचे पत्ते, कारण त्यांतल्या कित्येकांची देणगी पावतीपुस्तकं तिथंच छापतात. दुसरी म्हणजे ग्रंथोत्सवात, म्हणजे जिल्ह्याच्या पुस्तकमेळ्यात, एका टेबलाचा कोपरा. 2020 च्या उस्मानाबादच्या आणि 2022 च्या उदगीरच्या साहित्य संमेलनात मी गाळ्यागाळ्यांतून फिरले आहे. एकच पुस्तक असलेल्या लेखकाला गाळ्याचं भाडं झेपत नाही. ग्रंथोत्सवात मात्र स्थानिक विक्रेता आपल्या टेबलावर जागा देतो. दुकानदारांनी माझ्याकडं 40 टक्के मागितले. 300 च्या पुस्तकात 180 हातात येतात आणि 110 आधीच खर्ची पडलेले असतात. म्हणून दुकानात मी थोड्याच प्रती ठेवल्या आणि भर वाचनालयांतल्या वाचनावर दिला. प्रकाशन मानवतला 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडावंदनानंतर वाचनालयातच केलं. हार-तुरे, पाहुण्यांची भाषणं काही ठेवलं नाही. एक प्रकरण वाचलं आणि यादीतली नावं गाववार पुकारून प्रती दिल्या.

अनुदानाचं कुणी विचारेल म्हणून सांगते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे आणि हस्तलिखित पाठवावं लागतं. ज्याला निवडीपर्यंत थांबता येतं त्यानं छापखान्याच्या पायऱ्या चढण्याआधी तो अर्ज करावा. आणि पुस्तक निघाल्यावर 1954 च्या कायद्याप्रमाणं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासकट ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. हेही मला काकांनीच सांगितलं, आणि त्या प्रतींची पाकिटं स्वतः बांधून दिली.

माझ्याकडून या छापखान्याला पाचपैकी चार. उरलेला एक उशिरासाठी राखला आहे.

जाणार असाल तर मार्गशीर्षात काम द्या, म्हणजे फाल्गुनाच्या आत पुस्तक हातात येईल. मुखपृष्ठाचा रंग मोबाइलवर बघून पास करू नका, कागदावर छापलेला नमुना मागा; माझ्या मुखपृष्ठावरची रुई पडद्यावर पांढरी होती, कागदावर पिवळसर आली होती आणि नमुना काढल्यामुळेच सुधारता आली. पावसाळ्यात प्रती घरी आल्या तर एका बाजूनं लॅमिनेशन केलेली मुखपृष्ठं वर वळतात, म्हणून गठ्ठे फळीखाली दाबून ठेवा. आणि शेवटचा हप्ता देताना पीडीएफ आणि मूळ फाइल दोन्ही पेनड्राइव्हवर मागून घ्या. दुसऱ्या आवृत्तीला अक्षरजुळणीचे पैसे पुन्हा पडत नाहीत.