सरकारी पैसा न घेणारी ख्रिस्ती कॉलेजं: वॉशिंग्टनच्या नोकरीसाठी कितपत कामाची?

अमेरिकेत राजकारण, प्रशासन किंवा धोरणसंस्थांत काम करायचं ठरवून कॉलेज निवडायचं झालं, तर पुराणमतवादी ख्रिस्ती वर्तुळात तीन नावं हटकून पुढे येतात: मिशिगनमधलं हिल्सडेल, पेनसिल्व्हेनियातलं ग्रोव्ह सिटी आणि व्हर्जिनियातलं पॅट्रिक हेन्री. तिन्ही ख्रिस्ती, तिन्ही देणग्यांच्या आधाराने चालणारी आणि तिन्ही संघराज्य सरकारचा पैसा न घेणारी. इथे त्यांच्या श्रद्धेची परीक्षा करायची नाही. फी भरून जी सेवा मिळते ती सार्वजनिक जीवनातल्या करिअरला किती उपयोगी पडते, एवढंच पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. पहिली नोकरी मिळवून देण्यात ही कॉलेजं आपल्या आकाराच्या मानाने फार पुढे आहेत. दुसरी आणि तिसरी नोकरी मात्र बहुधा त्याच पुराणमतवादी गोटात मिळते. आणि कर्ज काढून शिकणाऱ्यासाठी इथे एक खड्डा आहे, जो प्रवेशाच्या गडबडीत सहसा लक्षात येत नाही.

आधी पैशाचं बघू, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं. ग्रोव्ह सिटीने लिंगभेदविरोधी कायद्याच्या, म्हणजे टायटल नाइनच्या, पालनाचं हमीपत्र भरायला नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४ मध्ये निकाल लागला: विद्यार्थ्याच्या हातात पडलेलं सरकारी अनुदान म्हणजे कॉलेजलाच मिळालेली मदत, पण कायदा लागू होईल तो फक्त आर्थिक साहाय्याच्या विभागाला. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, ही पळवाट रुचली नाही. १९८८ मध्ये रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून नवा कायदा झाला आणि एका विभागाला मदत मिळाली तरी अख्खी संस्था नियमाखाली आली. मग कॉलेजनेच मदत नको म्हटलं. गरजू विद्यार्थ्यांना मिळणारं संघराज्याचं अनुदान, म्हणजे पेल ग्रँट, सुटली, १९९६ मध्ये संघराज्याची स्टॅफर्ड विद्यार्थी कर्जंही सुटली. हिल्सडेल त्याच वाटेने गेलं आणि २००७ मध्ये तर मिशिगन राज्याची मदतही नाकारून बसलं.

विद्यार्थ्याच्या बाजूने याचा अर्थ काय? २०२४-२५ मध्ये पेल ग्रँटची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. घरची परिस्थिती बेताची असेल आणि पूर्ण ग्रँटची पात्रता असेल, तरी या कॉलेजांत त्यातला एक डॉलर वापरता येत नाही. संघराज्याचं कमी व्याजाचं कर्जही मिळत नाही. ही पोकळी देणगीदारांच्या शिष्यवृत्तीने भरून काढायची असते. अनेकांची भरून निघतेही. ज्यांची निघत नाही ते खासगी कर्जाकडे वळतात, आणि खड्डा नेमका तिथे आहे.

अमेरिकेत २००७ पासून सार्वजनिक सेवेतल्यांसाठी कर्जमाफीची योजना आहे. सरकारी किंवा पात्र ना-नफा संस्थेत पूर्ण वेळ नोकरी करत १२० पात्र हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ होतं. खासदाराच्या कार्यालयातला कर्मचारीही यात बसतो, स्वतः खासदार बसत नाही. पण योजना फक्त संघराज्याच्या डायरेक्ट लोनला, म्हणजे सरकारने थेट दिलेल्या विद्यार्थी कर्जाला, आहे. खासगी कर्ज तिच्यात बसत नाही आणि एकत्रीकरण करून मागच्या दाराने आतही आणता येत नाही. म्हणजे ज्या कॉलेजचा सगळा भर लोकसेवेवर, तिथून खासगी कर्ज काढून बाहेर पडलेला पदवीधर कमी पगाराच्या लोकसेवेत गेला तरी त्या कर्जाला माफी नाही. पुढे लॉ स्कूलसाठी संघराज्याचं कर्ज काढलं तर तेवढंच योजनेत येईल, जुनं खासगी कर्ज बाहेरच राहील. दोन कॉलेजांची तुलना करताना केवळ फीचे आकडे शेजारी ठेवणाऱ्यांचं इथेच चुकतं.

शिष्यवृत्तीचं पत्र वाचतानाही तेच. एकच गोष्ट शोधायची: रक्कम चार वर्षं तीच राहणार की फीबरोबर वाढणार? हिशेबापुरती समजा फी ३०,००० डॉलर, शिष्यवृत्ती १२,००० आणि फी दर वर्षी ४ टक्क्यांनी वाढते. पहिल्या वर्षी खिशातून १८,००० जातात. चौथ्या वर्षी फी ३३,७४६ होते, शिष्यवृत्ती आहे तिथेच, आणि भरायचे २१,७४६. शिवाय अनेक देणग्यांना अटी चिकटलेल्या असतात: अमुक विषयच घ्यायचा, अमुक ग्रेड टिकवायची. दुसऱ्या वर्षी विषय बदलला तर रक्कम जाते की दुसऱ्या निधीतून भरून मिळते, हे लेखी विचारावं. कार्यालयात तोंडी मिळालेलं ‘बघू, काहीतरी करू’ धरून चालू नये.

आता देणगीचा पैसा खरं विकत काय घेतो ते. आमच्या मते वर्गातल्या शिक्षणापेक्षा वॉशिंग्टनशी जवळीक. पॅट्रिक हेन्री २००० साली पर्सेलव्हिल इथे सुरू झालं, राजधानीपासून साधारण ८० किलोमीटरवर. संस्थापक मायकल फॅरिस हे घरी शिकवण्याच्या चळवळीचे वकील, त्यामुळे घरी शिकलेली मुलं हाच कॉलेजचा पाया. चार वर्षांतच, २००४ च्या वसंत सत्रात, व्हाइट हाउसच्या जवळपास १०० इंटर्नपैकी ७ इथले होते. कॉलेजची एकूण पटसंख्या तेव्हा २४० च्या आसपास! हिल्सडेल राजधानीपासून शेकडो मैलांवर, म्हणून त्यांनी २०१० मध्ये थेट वॉशिंग्टनमध्ये, मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूवर, कर्बी सेंटर उघडलं. विद्यार्थी एक सत्र तिथे राहतो, दिवसा इंटर्नशिप आणि संध्याकाळी वर्ग, म्हणजे पदवीसाठी मोजले जाणारे क्रेडिट बुडत नाहीत.

हे वरवर साधं दिसतं, पण व्हाइट हाउसची इंटर्नशिप २०२२ पर्यंत बिनपगारी होती. त्या वर्षीच्या शरद सत्रापासून आठवड्याला ७५० डॉलर मिळू लागले. त्याआधी वॉशिंग्टनचं भाडं कोण भरणार, यावर कोण इंटर्न होणार हे ठरायचं. श्रीमंत घरातली मुलं बापाच्या पैशावर जात, इथली देणगीदाराच्या. आम्हाला यात काही गैर वाटत नाही, उलट देणगीचा हा सर्वांत सरळ उपयोग आहे. फक्त असा निधी कायमस्वरूपी आहे की दर वर्षी नव्याने गोळा होतो, ते पाहावं. कायम ठेवीतून वर्षाला साधारण साडेचार टक्के काढता येतात असं धरलं, तर वर्षाला ४५,००० डॉलर द्यायला १० लाखांची ठेव लागते. एवढी ठेव नसेल तर मंदीच्या वर्षी पहिली कात्री इथेच लागू शकते.

प्रशिक्षणातला सर्वांत दमदार भाग म्हणजे मूट कोर्ट, म्हणजे अभिरूप न्यायालय. पॅट्रिक हेन्रीने यात राष्ट्रीय विजेतेपदं पुन्हा पुन्हा घेतली आहेत. सगळ्या संघांना एकच काल्पनिक खटला मिळतो, त्यात घटनेचे दोन मुद्दे. न्यायनिवाडेही ठरवून दिलेले, त्याबाहेरचा आधार घ्यायचा नाही. संघ दोघांचा, एक मुद्दा एकाचा. संघाला एकूण वीस मिनिटं. पाठ करून आलेलं भाषण दुसऱ्याच मिनिटाला मोडतं, कारण न्यायाधीश मध्येच प्रश्न टाकतात आणि घड्याळ थांबत नाही. आधी हो किंवा नाही, मग कारण, मग आपल्या मुद्द्याकडे परत, हा क्रम अंगवळणी पडलेला उमेदवारच तग धरतो. नवखे हमखास चुकतात ते अडचणीच्या प्रश्नाला वळसा घालण्यात. त्यात भर म्हणजे एका फेरीत अर्जदाराची बाजू मांडलेल्या संघाला पुढच्या फेरीत तोच खटला उलट बाजूने लढवावा लागतो. समितीच्या सुनावणीआधी सिनेटरसाठी प्रश्नोत्तरांची टिपणं काढणाऱ्या कर्मचाऱ्याचं काम याहून फार वेगळं नसतं. या भागाला आम्ही पैकीच्या पैकी देऊ.

अभ्यासक्रमाचा गाभा मूळ ग्रंथ, इतिहास आणि संविधान. हिल्सडेलमध्ये संविधानाचा पेपर प्रत्येकाला, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही, सक्तीचा आहे. लेखन चांगलं घोटून घेतलं जातं. मात्र अर्थसंकल्प, आरोग्यविमा, करआकारणी अशा आकड्यांच्या कामात शिरायचं असेल तर सांख्यिकीचे विषय स्वतःहून निवडून घ्यावे लागतील, गाभ्याच्या भरवशावर राहून चालणार नाही.

नावाचं वजनही दुधारी आहे. हिल्सडेल १९७२ पासून ‘इम्प्रिमिस’ हे भाषणांचं पत्रक फुकट वाटतं, आज त्याच्या प्रती लाखोंच्या घरात जातात. त्यातून देणगीदार मिळतात आणि पुराणमतवादी कार्यालयांत कॉलेजचं नाव आधीच पोचलेलं असतं. अर्जावर ते नाव दिसलं की रिपब्लिकन कार्यालयात दार लवकर उघडतं. पण हाच शिक्का पक्षनिरपेक्ष जागेसाठी अर्ज करताना सोबत येतो.

पुढे काय बिघडू शकतं याची उदाहरणं शेजारच्या संस्थांत सापडतात. टीव्हीवरचे धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन यांनी १९७७ मध्ये उभं केलेलं रीजंट विद्यापीठ सरकारी मदत घेतं, पण त्याची घडण याच साच्याची. तिथल्या लॉ स्कूलची पदवीधर मोनिका गुडलिंग न्याय खात्यात वरच्या पदावर पोचली. ज्या जागा राजकारणापासून अलिप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक होतं, त्या भरतानाही तिने उमेदवारांचा राजकीय कल पाहिला. २००७ मध्ये काँग्रेससमोर तिनेच मर्यादा ओलांडल्याचं कबूल केलं आणि २००८ च्या चौकशी अहवालाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. राजकीय नेमणूक आणि कायम सेवेतली नेमणूक यांचे नियम वेगळे का, हा व्यवसायनीतीचा धडा अशा प्रत्येक कॉलेजने पहिल्या वर्षी शिकवावा. कॉलेजला भेट द्याल तेव्हा तो शिकवतात का, हे जरूर विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

रीजंटचेच बॉब मॅक्डॉनेल व्हर्जिनियाचे गव्हर्नर झाले, पण त्याआधी २००९ च्या प्रचारात त्यांचा १९८९ चा प्रबंध बाहेर आला आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांविषयीची त्यातली मतं त्यांना आठवडेच्या आठवडे निस्तरावी लागली. प्राध्यापकाला खूष करायला विद्यार्थी असताना लिहिलेला निबंध ग्रंथालयात कायम राहतो. सार्वजनिक जीवनात जाणाऱ्याने प्रबंधाचा विषय निवडताना एवढं भान ठेवावं.

पॅट्रिक हेन्रीत २००६ मध्ये शैक्षणिक स्वातंत्र्याच्या वादातून १६ पूर्णवेळ प्राध्यापकांपैकी ५ सोडून गेले. एवढ्या लहान कॉलेजात पाच जण जाणं म्हणजे शिफारसपत्रं देणारे हातच जाणं. कॉलेजला अधिस्वीकृतीही, म्हणजे शैक्षणिक दर्जाची मान्यताही, सहज मिळाली नव्हती. सृष्टीच्या निर्मितीविषयीच्या भूमिकेवरून २००२ मध्ये एका संस्थेने ती नाकारली, शेवटी २००७ मध्ये ट्रॅक्स या ख्रिस्ती अधिस्वीकृती संस्थेकडून मिळाली. पॅट्रिक हेन्रीत प्रवेश घेताना श्रद्धानिवेदनावर, म्हणजे आपण अमुक ख्रिस्ती तत्त्वं मानतो अशा लेखी कबुलीवर, सही करावी लागते. हिल्सडेल आणि ग्रोव्ह सिटी विद्यार्थ्यांकडून अशी सही मागत नाहीत.

सरकारी मदत नाकारल्यानेच असे पदवीधर घडतात, या दाव्यात मात्र फारसा दम नाही. इलिनॉयमधलं व्हीटन ती मदत घेतं, तरी तिथून प्रतिनिधीगृहाचे सभापती डेनिस हॅस्टर्ट, बुश यांचे भाषणलेखक मायकल गर्सन आणि ट्रम्प यांचे अर्थसंकल्पप्रमुख रसेल व्होट बाहेर पडले. २०२५ मध्ये व्होट यांच्या अभिनंदनाची पोस्ट व्हीटनने टाकली आणि माजी विद्यार्थी खवळल्यावर ती काढली, मग काढली म्हणून दुसरी बाजू खवळली. एकाच वर्गखोल्यांतून आलेली माणसं दोन टोकांना असू शकतात, ही पदवी घेणाऱ्याच्या दृष्टीने जमेचीच बाजू.

देणगीदाराला जे हवं होतं ते झालं का, हा प्रश्न ख्रिस्ती कॉलेजांपुरता नाही. रॉबर्टसन कुटुंबाने (हे पॅट रॉबर्टसन यांचं कुटुंब नव्हे) १९६१ मध्ये प्रिन्स्टनला सरकारी सेवेसाठी पदवीधर घडवायला ३.५ कोटी डॉलरचे शेअर दिले. पुरेसे पदवीधर सरकारी सेवेत गेलेच नाहीत म्हणून २००२ मध्ये वारसांनी दावा लावला आणि २००८ मध्ये नऊ कोटींच्या आसपास रकमेवर तडजोड झाली. तेव्हा प्रवेश कार्यालयाला इंटर्नची यादी मागू नका, ती ते आपणहून दाखवतील. पाच आणि दहा वर्षांपूर्वीच्या तुकड्यांतले किती जण आज सरकारी नोकरीत आहेत, त्यात राजकीय नेमणुकीचे किती आणि परीक्षा-मुलाखतीतून कायम सेवेत गेलेले किती, हे विचारा. सत्ता बदलली की पहिला गट रिकामा होतो.

अमेरिकन नागरिक नसलेल्याने तर आणखी जपून. व्हाइट हाउसची इंटर्नशिप फक्त नागरिकांना आहे, काँग्रेसमधल्या पगारी नोकऱ्यांवरही नागरिकत्वाच्या अटी आहेत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाला साधारण १२ महिने मिळतात आणि त्या काळात उरतात त्या मुख्यतः धोरणसंस्था, संशोधनसंस्था आणि प्रकाशनं. अर्जाचे पैसे भरण्याआधी कॉलेज परदेशी विद्यार्थ्यांना आय-२०, म्हणजे या व्हिसासाठी लागणारं प्रमाणपत्र, देतं का, एवढं ईमेलवर विचारून घ्या.