पुढची व्हील बेअरिंगं बदलून ९ महिने, ११,४०० किमी: नागपूरच्या उन्हापावसातला अनुभव

गाडी पेट्रोल हॅचबॅक, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, एबीएस आहे. काम केलं तेव्हा ७८,००० किमी झाले होते. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. नकलमध्ये (चाकामागचा, सस्पेन्शनला जोडलेला धातूचा भाग) प्रेसने, म्हणजे दाबयंत्राने, बसणारं, छर्‍यांच्या दोन ओळींचं सीलबंद बेअरिंग ही रचना बर्‍याच छोट्या गाड्यांत पुढे सापडते, आणि खालचं सगळं त्या रचनेबद्दल आहे. ज्या गाडीत हब (ज्यावर चाक बोल्टने बसतं तो मधला भाग) आणि बेअरिंग एकत्र येऊन बोल्टवर बसतं, तिथे प्रेसचा भाग सोडून वाचा.

निकाल आधी. उजवं बेअरिंग एप्रिलमध्ये प्रेसवर बसवलं, ते आजवर शांत आहे. डावं त्याच कंपनीचं, त्याच पार्ट नंबरचं. आठवड्याभराने दुसर्‍या गॅरेजात हातोड्याने ठोकून बसवलं गेलं आणि सात आठवड्यांत घुमायला लागलं. जूनमध्ये ते काढून नवं प्रेसवर बसवलं, तेही शांत आहे. कोणत्या कंपनीचं घ्यावं यावर खूप चर्चा होते. माझ्या मते बसवणार्‍याकडे प्रेस आहे का, हा प्रश्न त्याच्या आधी विचारायला हवा.

आता निदान. इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. बेअरिंग जायला लागलं की ४०-५० च्या वेगाला घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि वेगाबरोबर चढतो. गिअर न्यूट्रलला टाकून इंजिनाचे आरपीएम उतरवले तरी तो तसाच राहतो, म्हणजे इंजिन आणि क्लच सुटले. राहिले टायर. नागपुरात घोळ होतो तो इथे, कारण सिमेंट रस्त्यांवर चांगले टायरही गातात. सिमेंट संपून डांबर लागतं तिथे कान द्या. डांबरावर आवाज एकदम पडला तर टायरवर संशय घ्या. दोन्हीकडे सारखाच घुमला तर बेअरिंगवर. तरीही शंका असेल तर पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाज टायरबरोबर मागे गेला तर बेअरिंगला हात लावू नका.

बाजू ओळखायला मोकळ्या, रुंद रस्त्यावर ६० च्या आसपास गाडी हलकेच डावीउजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं गेलंय. 'बहुधा' म्हणतोय, कारण आवाज बॉडीतून फिरतो आणि चालकाच्या कानाला चुकीची बाजू वाटू शकते. म्हणून शेवटचा निर्णय गाडी जॅकवर घेऊनच करा.

चाक उचलल्यावर बहुतेक मेकॅनिक वर-खाली धरून हलवतात आणि 'प्ले (ढिलेपणा) नाही, बेअरिंग ठीक आहे' म्हणून सोडून देतात. हे अर्धंच तपासणं झालं. या प्रकारचं बेअरिंग प्ले यायच्या कितीतरी आधी आवाज करतं. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना अडण. एका हाताची बोटं सस्पेन्शनच्या कॉइल स्प्रिंगवर टेकवा आणि दुसर्‍या हाताने चाक फिरवा. चांगल्या बाजूला स्प्रिंग मुकी राहते. खराब बाजूला बारीक वाळूवरून काहीतरी घासत जावं तशी खरखर बोटांच्या टोकांना लागते. कानाला काही ऐकू येत नसतानाही ती लागते. ही चाचणी दोन्ही बाजूंना करा, तुलनेशिवाय तिचा उपयोग नाही.

प्ले सापडलाच तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि चाक पुन्हा वर-खाली हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर खालचा बॉल जॉइंट (नकल सस्पेन्शनला जोडणारा सांधा). प्ले फक्त आडवं धरून हलवल्यावर येत असेल तर टाय रॉडकडे (स्टीअरिंगचा दांडा) बघा. स्टीअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट येत असेल तर तो ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला ताकद देणारा दांडा) जॉइंटचा आवाज, बेअरिंगचा नाही.

हातोड्याने बसवलेलं बेअरिंग काढल्यावर बाहेरची रिंग ग्राइंडरने कापून, ग्रीस पुसून पाहिलं. ग्रीस चांगलं होतं, सील फाटलेलं नव्हतं, गंज नव्हता. पण आतल्या रिंगच्या चकचकीत वाटेवर एकाच कडेला बारीक मंद ठिपके होते, सारख्या अंतरावर, प्रत्येक छर्‍यासाठी एक. नख फिरवलं की प्रत्येक ठिपक्यावर किंचित अडकायचं. हातोड्याचा धक्का एका रिंगला बसतो आणि छर्‍यांमधून दुसर्‍या रिंगला जातो. छर्रे पोलादात रुततात आणि खड्डे पाडतात. मग प्रत्येक फेर्‍याला छर्रे त्या खड्ड्यांवरून उड्या मारतात. दोष बेअरिंगचा नव्हता, ते बसवतानाच मारलं गेलं होतं.

म्हणून प्रेसवर कामाचा नियम एकच: जी रिंग घट्ट बसवायची आहे, जोर तिलाच. बेअरिंग नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर. तेवढ्या व्यासाचा अडॅप्टर हवा; लेथवाल्याकडे नसेल तर जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग थोडी घासून वापरता येते. नंतर हब दाबताना खालून आतल्या रिंगला टेकू. या दुसर्‍या टप्प्यावर बरेच जण नकल नुसती प्रेसच्या पट्ट्यांवर ठेवतात, आणि सगळा जोर छर्‍यांतून जातो. प्रेस असूनही बेअरिंग मरतं. काम चालू असताना शेजारी उभं राहून एवढं एक नक्की बघा.

खोलण्याचा क्रम असा. चाक जमिनीवर असताना, ब्रेक दाबून, एक्सल नट (चाकाच्या मध्यावरचा मोठा नट) सैल करा. नटाची चेपलेली कड आधी छिन्नीने सरळ करा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचे आटे खराब होतात. मग चाक, कॅलिपर (तो तारेने स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या होसवर लोंबकळू देऊ नका), डिस्क, एबीएस सेन्सर, टाय रॉडचं टोक, बॉल जॉइंट, शेवटी शॉकअपचे दोन बोल्ट. बोल्ट काढण्याआधी नकलवर त्यांच्या जागेची खूण करा. सेन्सर प्लास्टिकचा असतो आणि गंजाने चिकटतो. ओढाताण केली की तुटतो. आधी गंज सोडवणारं तेल मारून थांबा.

हब बाहेर आला की आतली रिंग बहुतेक वेळा त्याच्यावरच अडकून येते. पुलरने निघाली तर उत्तम. नाहीतर ग्राइंडरने रिंगेत तिरका काप घ्या, पूर्ण आरपार नाही, आणि छिन्नीच्या एका फटक्याने तडकवा. काप हबला लागता कामा नये. हबची बसायची जागा निळी पडली असेल किंवा रिंग फिरून ती चकचकीत गुळगुळीत झाली असेल, तर हबही बदला. नवं बेअरिंग अशा हबवर टिकत नाही. मग लॉक (बेअरिंगला जागेवर धरणारी कडी) काढून जुनं बेअरिंग दाबून बाहेर, नकलचं भोक बारीक एमरीने साफ, आणि नवं लॉक.

एबीएसच्या बर्‍याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे, म्हणजे आतल्या अंगाला यायला हवी. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं काम पुन्हा. या पट्टीजवळ चुंबक नेऊ नका, लोखंडाचा कीस लागू देऊ नका. ग्राइंडिंग झालेल्या टेबलावर नवं बेअरिंग उघडं ठेवणं हीच इथली नेहमीची चूक. बेअरिंग डिझेलने धुवायचं नाही, वरून ग्रीस भरायचं नाही. आत लागेल तेवढं ग्रीस कंपनीने भरलेलं असतं.

एक्सल नट दर वेळी नवा. माझ्या गाडीला तो २०० न्यूटन मीटरला येतो. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. इम्पॅक्ट गनने शेवटचा कस देऊ नका, टॉर्क पाना वापरा, मग कड चेपा. नट पूर्ण कसण्याआधी गाडी चाकांवर उतरवून ढकलू नका: या नटाच्या दाबानेच आतल्या रिंगचे दोन अर्धे एकमेकांना धरून असतात. काम झाल्यावर अलाइनमेंट कराच.

खर्च एका बाजूचा: बेअरिंग १,४५० रुपये, नट ९०, प्रेस ३००, मजुरी ९००. अलाइनमेंटचे ४५० वेगळे. बेअरिंग बिलासकट घ्या. या मालात नकली फार आहे. एसकेएफ घेतलं तर त्यांच्या 'एसकेएफ ऑथेंटिकेट' अ‍ॅपवर खोक्याचे आणि बेअरिंगचे फोटो पाठवून खातरी करता येते. बसवण्याआधी करा, नंतर उपयोग नाही.

नऊ महिन्यांत मे आणि पावसाळा दोन्ही झाले. उन्हाचं मला भय वाटत नाही. बाहेर ४५ अंश असतानाही, २० किमी कमी ब्रेक लावत चालवून इन्फ्रारेड थर्मामीटरने हबच्या मध्याला मोजलं, तर डाव्या-उजव्यात ३-४ अंशांपेक्षा जास्त फरक आला नाही. आकड्यापेक्षा हा फरक बघा. एक बाजू १५-२० अंशांनी तापली तर बेअरिंग किंवा अडकलेला कॅलिपर, दोन्ही तपासा.

भय पाण्याचं आहे. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं तेव्हा लांबून चालून आलेली गरम चाकं थेट त्यात बुडतात. आतली हवा झटकन थंड होऊन आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढते. त्या दिवशी काही कळत नाही. ग्रीस दुधाळ होतं, गंज धरतो, आणि घुमणं सुरू होतं काही आठवड्यांनी, तेव्हा कुणाला तो पाऊस आठवतही नाही. हबपर्यंत पाणी असेल तर वळसा घालून दुसर्‍या रस्त्याने जा. वॉशिंगला दिली तर प्रेशरची नळी हबच्या मध्यावर जवळून धरू देऊ नका.

दर ५,००० किमीला, टायरांची पुढे-मागे अदलाबदल करताना, स्प्रिंगवर बोटं ठेवून तपासतो. दोन्ही पुढच्या स्प्रिंगा आजही मुक्या आहेत. मागच्या डाव्या चाकाला मात्र गेल्या वेळी हलकी खरखर लागली. ते बेअरिंग ब्रेकच्या ड्रममध्ये आहे, ते लवकरच उघडायचं आहे.