मशीन शॉपमध्ये ईआरपीनेक्स्ट: वर्षभराच्या वापरानंतर

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-मिलिंग-ड्रिलिंग करतो, काही जॉब इंडक्शन हार्डनिंगला किंवा प्लेटिंगला बाहेर जातात आणि परत आले की तपासून ग्राहकाकडे रवाना होतात. गेल्या एप्रिलपासून हा सगळा कारभार ईआरपीनेक्स्टवर चालतो, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकाच जागी सांभाळणाऱ्या (ईआरपी) सॉफ्टवेअरवर. माझं मत आधीच सांगतो: सॉफ्टवेअर भक्कम आहे, घ्यावं. मात्र बसवताना सुरुवात अकाउंट्सपासून करू नका, स्टोअरच्या दारापासून करा.

क्लाउड या शब्दाबद्दल आमच्या भागात बराच गोंधळ आहे. ऑफिसमधलंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर भाड्याच्या सर्व्हरवर टाकून त्याचा स्क्रीन घरून बघायचा, यालाही लोक क्लाउड म्हणतात. त्याने घरून काम होतं, पण कामाची रीत बदलत नाही. ईआरपीनेक्स्ट मुळातच ब्राउझरमध्ये चालतं. स्टोअरकीपर मोबाइलवर इनवर्ड (आत आलेल्या मालाची नोंद) टाकतो आणि त्याच क्षणी खरेदीवाल्याला ते दिसतं. हे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीने बनवलेलं मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. त्यांच्याच क्लाउडवर ठेवलं तर पैसे माणसांमागे नाही, सर्व्हरच्या ताकदीनुसार लागतात. मशीन शॉपसाठी हा मुद्दा फार मोठा आहे. माणसामागे पैसे द्यायचे असले की मालक तिघांनाच लॉगिन देतो, बाकीचे वहीतच लिहितात आणि संध्याकाळी कुणीतरी ती वही उतरवून काढतो. तसं करायचं असेल तर ईआरपी कशाला?

आमच्या पहिल्या सल्लागाराने नेहमीचा क्रम सुचवला होता: आधी सेल्स इन्व्हॉइस, मग खरेदी, मग ताळेबंद, आणि स्टोअर ‘दुसऱ्या टप्प्यात’. जीएसटीच्या तारखा डोक्यावर असतात म्हणून हा क्रम सगळ्यांना पटतो. पण 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ऑगस्ट 2023 पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल) सक्तीचं आहे, म्हणजे बिलाची बाजू आधीच बऱ्यापैकी शिस्तीत असते. बेशिस्त असते ती मालाच्या हालचालीत. आम्ही तो क्रम उलटा केला.

कारण असं. ईआरपीनेक्स्ट मुळात उणे साठा, म्हणजे शून्याखालची शिल्लक, चालू देत नाही. नोंदीत 40 नग शिल्लक असतील तर 45 नगांचं चलन (माल बाहेर पाठवायचा कागद) सबमिटच, म्हणजे पक्कं, होत नाही. गाडी दारात उभी, माल रॅकवर समोर दिसतोय आणि सिस्टिम म्हणतेय नाही. अशा वेळी सेटिंगमधली उणे साठ्याला परवानगी देणारी खूण चालू करायचा मोह होतो. कृपया करू नका. ते पाच नग कुठून आले, हे त्याच वेळी शोधलं की कळतं: जॉबवर्करकडून (प्लेटिंगसारखं काम बाहेर करून देणाऱ्याकडून) आलेल्या मालाचं इनवर्ड राहिलेलं असतं, नाहीतर रिवर्कमधून (दुरुस्तीतून) सुटलेले नग कुणी नोंदवलेले नसतात. दोन-तीन महिने हा त्रास सोसल्यावर आमच्याकडे माल आणि नोंद एकत्र चालू लागली. आधी हा फरक मार्चअखेरच्या मोजणीत एकदम समोर यायचा आणि तोवर कारण सापडायची वेळ गेलेली असायची.

मागच्या तारखेची नोंदही टाळावी. ती टाकता येते, पण त्या तारखेपासून पुढचं साठ्याचं सगळं मूल्यांकन सिस्टिम पुन्हा मोजते आणि महिन्याचा बंद केलेला हिशेब हलतो.

जॉबवर्कसाठी मात्र हे सॉफ्टवेअर मला मनापासून आवडतं. सिस्टिममध्ये प्रत्येक जॉबवर्करच्या नावाचं वेअरहाउस (गोदाम) केलं की कुणाकडे किती नग पडून आहेत ते कधीही दिसतं. जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो, आणि 5 कोटींच्या वर उलाढाल असेल तर आयटीसी-04 (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) सहामाही भरावा लागतो. पूर्वी त्यासाठी चलनबुकांचा गठ्ठा घेऊन बसावं लागायचं. आता चलनांची यादी तयार मिळते. प्लेटिंगवाल्याशी ‘तुमच्याकडेच आहेत’, ‘नाही, दिले’ हा वादही थांबला, कारण त्याच्या पावतीचा फोटो चलनालाच जोडलेला असतो.

तयारीत सर्वांत जास्त वेळ आयटम मास्टरने, म्हणजे सगळ्या वस्तूंच्या कोडवार यादीने, खाल्ला आणि तो द्यायलाच हवा. एकच हब ड्रॉइंग नंबरने, ग्राहकाच्या पार्ट नंबरने आणि शॉपवरच्या ‘मोठा हब’ या नावाने, असा तीन ठिकाणी नांदत होता. आम्ही कोड एकच ठेवला, ग्राहकाचा नंबर त्याच्या रकान्यात टाकला आणि वर्णनात शॉपवरचं नाव मराठीत लिहिलं. ऑपरेटर दादा आता ‘मोठा हब’ टाइप करून शोधतात. कास्टिंग, अर्धवट झालेला जॉब आणि तयार माल यांचे कोड वेगळे हवेत, नाहीतर बीओएम (कोणत्या वस्तूला काय माल लागतो ती यादी) बसत नाही.

सुरुवात शक्यतो 1 एप्रिललाच करावी, आदल्या दिवशी मशीन थांबवून प्रत्यक्ष मोजणी करावी आणि तोच आकडा ओपनिंग (सुरुवातीची शिल्लक) म्हणून टाकावा, जुन्या पुस्तकातला नाही. येणी-देणी बिलवार चढवावीत, एकरकमी नकोत. सगळं चढवून झालं की ‘टेम्पररी ओपनिंग’ हे सुरुवातीच्या शिलकांसाठीचं तात्पुरतं खातं शून्यावर यायला हवं. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

अकाउंट्सची बाजू त्यामानाने सुरळीत गेली. सबमिट केलेला कागद खोडता येत नाही. रद्द करून दुरुस्त प्रत काढायची, तिच्या क्रमांकामागे -1 लागतं. ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (पोर्टलने दिलेला नोंदणी क्रमांक) 24 तासांच्या आतच रद्द करता येतो आणि तोच बिल क्रमांक पुन्हा चालत नाही, त्यामुळे ही पद्धत उपयोगीच पडते. कंपन्यांना एप्रिल 2023 पासून बदलांची नोंद ठेवणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर बंधनकारक आहे. प्रत्येक कागदाखाली कुणी, कधी, काय बदललं हे दिसतं, म्हणून ऑडिटच्या वेळी बोलणं लवकर संपलं. सीए साहेबांना त्यांच्या सवयीचे तक्ते एक्सेलमध्ये काढून देतो.

भाव कुणी बघायचे, ही मालक मंडळींची नेहमीची भीती असते. फील्डनिहाय परवानगी लावता येते. आमच्या स्टोअरला नग दिसतात, दर दिसत नाहीत.

नेटचं म्हणाल तर फायबर आणि सिमवरचा राउटर दोन्ही ठेवा, राउटरला इन्व्हर्टरची जोड द्या, आणि तरीही गेटवर छापील क्रमांकाचं चलनबुक असू द्या. एमआयडीसीत रस्ता खोदला की केबल तुटतेच. बॅकअप रोज आपोआप होतो, तरी महिन्यातून एकदा तो उतरवून घ्या आणि दुसऱ्या मशीनवर खरंच उघडतो का ते बघा. कुठलंही क्लाउड सॉफ्टवेअर घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: सोडायचं ठरलं तर माझा डेटा कोणत्या रूपात मिळेल? इथे पूर्ण डेटाबेस हातात येतो आणि सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असल्याने तो स्वतःच्या सर्व्हरवर चालवताही येतो. आम्ही हे निवडण्याचं मुख्य कारण तेच.

बदल करून घेताना हात आखडता ठेवा. जादा रकाने आणि छपाईचे नमुने खुशाल करा, पण मूळ कोडमध्ये हात घातला की पुढची आवृत्ती घेणं अवघड होतं.

फक्त खरेदी-विक्री असेल, जॉबवर्क आणि उत्पादन नसेल, तर एवढा व्याप करू नका. साधं अकाउंटिंग सॉफ्टवेअर पुरतं. पण माल तुमच्या दारातून दिवसातून चार वेळा आत-बाहेर होत असेल, तर मोजणीची तारीख आधी ठरवा आणि डेमोला मालकाबरोबर स्टोअरकीपरलाही बसवा. त्याचे प्रश्न सगळ्यांत कामाचे असतात.