‘पडलेला आयटी शेअर’ गळ्यात मारणारी टोळी

एआयचा गाजावाजा ओसरला, ४०० चा शेअर ४० वर आला, आता खरा भाव मिळतोय, असा मेसेज टेलिग्रामवर पडला की दादर-डोंबिवलीचा नोकरदार हमखास गळाला लागतो. पण ४० चे ४ ही होतात. २००० साली आयटीची तेजी फुटली तेव्हा इन्फोसिसही आपटला आणि पुढे सावरला. २००१ च्या शेअर घोटाळ्यातला दलाल केतन पारेख, त्याच्या लाडक्या सिल्व्हरलाइन, डीएसक्यू सॉफ्टवेअर, पेंटामीडिया मात्र उठल्याच नाहीत.

टोळीची पद्धत ठरलेली. ऑपरेटर, म्हणजे भाव खेळवणारा, पडत्या भावात माल गोळा करतो, आपल्याच खात्यांत फिरवून रोज अप्पर सर्किट (दिवसाच्या भाववाढीची कमाल मर्यादा) लावतो, मग ग्रुपवर ‘टार्गेट १२०’. लोक घेऊ लागले की तोच माल त्यांच्या गळ्यात. एके दिवशी सकाळी सव्वानऊला स्क्रीनवर विकायला ११ लाख शेअर, घ्यायला शून्य. रोज ५ टक्क्यांचं लोअर सर्किट (दिवसाच्या घसरणीची मर्यादा) लागलं तर दहा सत्रांत ४० चे २४. स्टॉपलॉस (ठरावीक भावाला आपोआप विकायची ऑर्डर) लावूनही सुटका नाही, समोर गिऱ्हाईकच नसतं.

हे आधी दिसतं, बघणारा हवा. बीएसईच्या साइटवर दर तिमाहीला शेअरहोल्डिंग पॅटर्न येतो. प्रमोटरचा, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या मालकांचा, टक्का घसरतोय आणि छोटे भागधारक चार हजारांचे चाळीस हजार झालेत, तर माल कुठून कुठे गेला ते उघड आहे. मग कॅश फ्लो. नफा छापलाय पण कामकाजातून रोकड येत नाही. विक्री १०० कोटी, येणी ८० कोटी, म्हणजे बिलाचे पैसे सुटायला २९२ दिवस. सॉफ्टवेअर कंपन्यांत आणखी एक खुबी असते: प्रोग्रामरांचे पगार खर्चात न धरता ‘तयार होत असलेलं सॉफ्टवेअर’ म्हणून मालमत्तेत टाकायचे, की नफा फुगतो. अटी पाळल्या तर हे नियमात बसतं, म्हणून तो आकडा वर्षानुवर्षं वाढतोय आणि त्यातून विक्री मात्र येत नाही, असं आहे का ते पाहावं. पीई (शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा) ८ बघून भुलणाऱ्यांची फसगत इथेच होते.

टिप देणाऱ्याचा सेबीचा, म्हणजे शेअरबाजाराच्या नियामकाचा, नोंदणी क्रमांक मागा. रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचने सुरू होतो. सेबीच्या साइटवर नावही जुळवा. दुसऱ्याचा क्रमांक चिकटवणारे पुष्कळ. बनावट ॲपवर पैसे पाठवले असतील तर तडक १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठलं तर काही हाती लागतं. शेअर आपल्याच डीमॅटमध्ये, एक्स्चेंजवरून घेतला असेल तर तो सौदा सहसा उलटत नाही. मग उरते सेबीकडे तक्रार. त्यासाठी ग्रुपचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढा, तेही ग्रुपमध्ये जाब विचारण्याआधी, कारण ॲडमिन पहिल्यांदा चॅट पुसतो.