मिरजेतलं हार्ट ऑपरेशननंतरचं आयसीयू, आमचा अनुभव

आण्णांचं व्हॉल्व्हचं ऑपरेशन मिरजेत झालं, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही कारण एक तक्रार पण आहे. पण आयसीयूच्या सिस्टरना पैकीच्या पैकी मार्क! दुसऱ्या दिवशी आण्णांचा डावा हात आणि तोंड उडायला लागलं तर सिस्टरनी लगेच ओळखलं की ही फिट आहे, थंडीची थरथर नाही, मग डॉक्टर, इंजेक्शन, सिटी स्कॅन, आणि ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) पण काढला कारण काही फिट बाहेरून दिसतच नाहीत, पेशंट नुसता शुद्धीवर येत नाही एवढंच कळतं. स्कॅनमध्ये स्ट्रोक नाही निघाला, जीव भांड्यात पडला.

न्यूरोवाल्या मॅडमनी निवांत बसून समजावलं, हवेचा बुडबुडा किंवा गुठळी मेंदूत गेली तरी फिट येते, आणि रक्तस्राव कमी व्हावा म्हणून देतात त्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडनं पण येऊ शकते, जास्त डोसला धोका जास्त. 2017 साली छापून आलेल्या बायपासच्या मोठ्या ट्रायलमध्ये ते औषध दिलेल्या 0.7 टक्के लोकांना फिट आली, न दिलेल्यांत 0.1. तरी वापरतात, कारण रक्त कमी जातं आणि रक्तस्रावासाठी परत छाती उघडायची वेळ कमी येते.

तक्रार डिस्चार्ज कार्डची. त्यात फिटचा उल्लेखच नाही, फिटची गोळी कधी बंद करायची तेपण नाही! ऑपरेशननंतर फिट आलेल्यांचं पुढच्या काही वर्षांत जगण्याचं प्रमाण कमी दिसतं, स्ट्रोक असेल तर आणखीच कमी, मग फॉलोअप नको का? बिल सांगितलं तेवढंच आलं. कार्ड मात्र घरी न्यायच्या आधी वाचा आणि फिट लिहून घ्या.