मदरबोर्ड गेला नव्हता: दीड वर्षाच्या वापरानंतर

पंधरा इंची स्क्रीन, ८ जीबी रॅम (काम चालू असताना वापरली जाणारी मेमरी), ५१२ जीबीचा एसएसडी, ६५ वॉटचा चार्जर. हा लॅपटॉप घेऊन दीड वर्ष झालं. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला आमचं घर. खाली टॉवेलचे माग, वर आम्ही. हिशेब, बिलं, जीएसटी सगळं माझ्याकडे, त्यामुळे तो रोज सहा-सात तास चालतो. कीबोर्ड आजही उत्तम. बॅटरी पाच तासांवरून तीनवर आली. उजेडात स्क्रीन फिकी दिसते. एवढंच लिहून थांबले असते, पण मे महिन्यात जे झालं ते सांगायलाच हवं.

१० तारखेची सकाळ. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची मुदत ११ पर्यंत. बटण दाबलं, दिवा लागला, पंखा घरघरला, स्क्रीन मात्र काळी ठिक्कर. मला घाम फुटला. सगळी बिलं त्यातच, दुसरीकडे प्रत नाही.

आधी चार्जर काढून पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरलं. आत साठून राहिलेली वीज त्याने निघून जाते. फरक नाही. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला. पुसट चित्र दिसलं असतं तर फक्त स्क्रीनमागचा लाइट गेलाय असं समजायचं. काहीच दिसलं नाही. एचडीएमआयची वायर टीव्हीला लावली, तिथेही काळोख. म्हणजे खोट स्क्रीनमध्ये नव्हती, आतच कुठेतरी अडलं होतं.

पहिल्या दुकानात झाकण न उघडताच "मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) गेला, बारा हजार" म्हणून सांगितलं. याचा मला आजही राग येतो. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, तर निदान रॅम काढून बघायला काय जातं?

नवी पेठेतले दुसरे दुरुस्तीवाले म्हणाले, "ताई, बसा, उघडून बघू." मागचे स्क्रू काढले आणि सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवली. घरी उघडणाऱ्यांनी ही पायरी कधीच चुकवू नये. पंखा आणि त्यापुढच्या धातूच्या जाळीमध्ये सुताच्या तंतूंचा थर दाबून बसला होता. चिमट्यात धरला तर अख्खा पट्टाच निघाला, करडा, मधे एक गुलाबी धागा. आमच्याच टॉवेलच्या किनारीचा.

मग रॅमची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबराने हलके घासले, खाच ब्रशने झाडली, पट्टी खट्‌कन बसवली. बटण दाबल्यावर मिनिटभर काळीच स्क्रीन. "थांबा, बंद करू नका, मेमरी ओळखतोय." आणि कंपनीचं चिन्ह उमटलं. खर्च ४०० रुपये. रिटर्न त्याच रात्री भरलं.

तेव्हापासून लॅपटॉप मागांच्या खोलीत नेत नाही, चादरीवर ठेवत नाही. आपली सोलापुरी चादर जाड, खालून हवा घेणाऱ्या फटी बुजतात, आणि उन्हाळ्यात इथं पारा चाळिशी ओलांडतोच. दर शनिवारी बिलांची प्रत वेगळ्या डिस्कवर जाते. सहा महिन्यांत एकदाही अडला नाही.

परत घ्यायची वेळ आली तर याच धाटणीचा घेईन, कारण याची रॅम काढता येते. हल्लीच्या कितीतरी पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डालाच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते. दुकानात वजन आणि रंगाच्या आधी तेवढं विचारून घ्या.